बार्ज जिथं थांबली

अलास्कातलं न्यूटॉक गाव नेमकं त्याच जागी का वसलं, याचं उत्तर तिथली म्हातारी माणसं एका वाक्यात देत असत. शाळेचं सामान घेऊन आलेली बार्ज त्याच्या पुढं जाऊ शकली नाही, म्हणून. माल जिथं उतरवता आला तिथं उतरवला गेला. १९५८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स या खात्यानं तिथं शाळा बांधली. पुढं शाळेभोवती घरं आली, घरांजवळ विमानाची धावपट्टी आली, जनरेटर आला, पोस्ट आलं. सहासष्ट वर्षांत हे सगळं नदीच्या तोंडी गेलं. २०२४ च्या शरद ऋतूत शेवटच्या माणसांनी न्यूटॉक सोडलं.

हवामानबदलामुळं उठलेल्या गावांची गोष्ट सांगताना बहुतेक जण वितळणाऱ्या बर्फापासून सुरुवात करतात. बर्फ वितळलं हे खरंच आहे आणि त्याकडं मी येणारच आहे. पण न्यूटॉकची गोष्ट मला त्या बार्जपासून सुरू झालेली दिसते. ज्या लोकांना दर ऋतूत मुक्काम हलवायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती, त्यांना आधी एका जागी बांधून ठेवलं गेलं. मग ती जागाच हलू लागली तेव्हा त्यांना उठायला तीस वर्षं लागली.

अलास्काच्या पश्चिमेला युकॉन आणि कस्कोक्विम या दोन मोठ्या नद्या बेरिंग समुद्राला मिळतात. त्यांनी वाहून आणलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा लहान भरेल. पण त्यात डोंगर जवळजवळ नाहीत, झाडं नाहीत, गावांना जोडणारे रस्ते नाहीत. सपाट टुंड्रा आणि तीत हजारो तळी. विमानातून पाहिलं तर जमीन जास्त की पाणी, हे चटकन सांगता येऊ नये असा मुलूख. इथं युपिक लोक राहतात. सील, सालमन, हेरिंग, हॅलिबट, रानबदकं, मूस, टुंड्रावरची बोरं हे त्यांचं अन्न. ते वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या महिन्यांत मिळतं. म्हणून माणसंही त्याच्यामागं फिरत. हिवाळ्यात मातीनं आणि गवताच्या ढेकळांनी लिंपलेल्या, अर्ध्या जमिनीत गेलेल्या घरांत राहायचं. 'कास्गिक' नावाच्या मोठ्या घरात पुरुष आणि मोठे होत चाललेले मुलगे जमत. हत्यारं बनवणं, कायाक बांधणं, नाच, गोष्टी, वडीलधाऱ्यांची शिकवण, सगळं त्या एका छपराखाली. वसंतात आणि उन्हाळ्यात मासेमारीच्या तळावर जायचं. न्यूटॉकच्या लोकांचा असा एक तळ नेल्सन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर निलिक्लुगुक इथं होता.

नेल्सन हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. एडवर्ड नेल्सन हा अमेरिकी निसर्गअभ्यासक १८७८ च्या हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीनं या भागात हिंडला, त्याच्यावरून ते पडलं. त्याच्या अकरा वर्षं आधी, १८६७ मध्ये, अमेरिकेनं अलास्का रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घेतलं होतं. ज्यांची ती भूमी होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. या दलदलीच्या किनाऱ्यावर मात्र व्यापारी आणि अधिकारी फार उशिरा पोचले. इथं सोनं नव्हतं, देवमाशांचे कळप नव्हते. त्यामुळं युपिक भाषा टिकली, शिकारीचं ज्ञान टिकलं. रोग मात्र पोचले. १९०० सालच्या इन्फ्लुएंझा आणि गोवराच्या साथीत पश्चिम अलास्कातली गावंच्या गावं ओस पडली. जी माणसं उरली ती एकमेकांच्या आधारानं नव्या ठिकाणी जमली.

न्यूटॉकच्या लोकांचे पूर्वज इथं येण्याआधी जुन्या केअलाविकला राहत. तिथं पुराचं पाणी घरात येऊ लागलं म्हणून १९४९ च्या सुमाराला त्यांनी मुक्काम हलवला आणि पंधरा-सोळा किलोमीटरवर नव्या ठिकाणी हिवाळी घरं केली. गवताची सळसळ या अर्थाचं 'निउग्टाक' हे त्या जागेचं युपिक नाव. त्याचंच इंग्रजी कागदावर न्यूटॉक झालं. जुन्या घरांतली लाकडं काढली, सामान होड्यांत आणि स्लेजवर घातलं, निघाले. अर्ज कुणाला करायचा नव्हता, कुणाचा नकाशा बदलायचा नव्हता. १९४९ च्या या स्थलांतराचा इतिहास दोन-चार ओळींत संपतो, कारण ते घडायलाही तेवढाच वेळ लागला. पुढं जे झालं त्याच्याशी ते ताडून पाहिलं पाहिजे.

मग शाळा आली. पोरं शाळेत म्हणजे आईबाप शाळेपाशी. उन्हाळी तळावर जाणं एकदम थांबलं नाही. १९७० च्या दशकापर्यंत कुटुंबं निलिक्लुगुकला जातच होती. पण हिवाळी मुक्काम हळूहळू बारमाही गाव झाला. हायस्कूलसाठी मुलांना बेथेल, सेंट मेरीज किंवा पार सिटकापर्यंत जावं लागे, आणि ती परत येत तेव्हा इंग्रजी बोलत येत. मातीच्या घरांच्या जागी फळ्यांची घरं आली. दलदलीत पाय रुतू नयेत म्हणून घराघरांना जोडणाऱ्या लाकडी फळ्यांच्या वाटा टाकल्या गेल्या. डिझेलच्या टाक्या आल्या. घरात नळ आणि संडास मात्र कधीच आले नाहीत. मैला बादलीत साठवायचा आणि ती बादली नदीत किंवा खड्ड्यात रिकामी करायची, हीच व्यवस्था शेवटपर्यंत राहिली.

१९७१ साली अमेरिकी संसदेनं अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्कांचा एकदाच निकाल लावणारा कायदा केला. ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि सुमारे ९६ कोटी डॉलर, आणि त्या बदल्यात बाकीच्या सगळ्या अलास्कावरचा परंपरागत हक्क संपला. जमीन टोळ्यांना मिळाली नाही. गावागावांत कंपन्या स्थापन करून त्यांच्या नावावर ती केली गेली. प्रत्येक गावाची जमीन त्या गावाभोवती मोजून दिली. म्हणजे बार्जच्या सोयीनं ठरलेली जागा आता कायद्यानं पक्की झाली. उरलेली बरीचशी जमीन पुढं १९८० मध्ये पक्षी आणि वन्यजीवांच्या अभयारण्यात गेली. नदीच्या पलीकडच्या नेल्सन बेटावरचा मोठा भागही त्यातच होता.

न्यूटॉकखालची जमीन म्हणजे गाळ आणि बर्फ यांचं मिश्रण. वरचा हातभर थर उन्हाळ्यात विरघळतो, त्याखालचं सगळं हजारो वर्षं गोठलेलं. शास्त्रज्ञ त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. गोठलेला आहे तोवर हा गाळ दगडासारखा उभा राहतो. नदीचं पाणी काठाला खालून पोखरतं, पाण्याच्या उबेनं आतलं बर्फ सुटतं, वरचा भाग छज्ज्यासारखा पुढं लोंबकळत राहतो आणि एक दिवस गवतासकट, वाटेसकट पाण्यात बसतो. गावाजवळची निंग्लिक नदी हे पूर्वीपासूनच करत होती. फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, तापमान वाढलं, अलास्कात ते जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक वेगानं वाढलं, आणि जमीन जास्त खोल विरघळू लागली. दुसरी गोष्ट समुद्राची. बेरिंग समुद्रात सगळ्यांत मोठी वादळं येतात ती शरदात. पूर्वी त्या सुमारास किनाऱ्यालगत बर्फ धरू लागे आणि लाटांचा मार त्यावर निभावून जाई. आता बर्फ उशिरा धरतं आणि वादळं उघड्या पाण्यावरून थेट नदीच्या तोंडात शिरतात. १९५० च्या दशकापासूनच्या हवाई छायाचित्रांवरून मोजलं तेव्हा काठ वर्षाला सरासरी ७० फुटांच्या आसपास मागं सरत असल्याचं दिसलं. सत्तर फूट म्हणजे दर वर्षी एक घर, त्याचं अंगण आणि पुढची वाट.

हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं नाही. १९८३ मध्येच एका अभियांत्रिकी अहवालानं सांगितलं होतं की पंचवीस-तीस वर्षांत गावातल्या इमारती धोक्यात येतील. नदी अडवण्यापेक्षा गाव हलवणं स्वस्त पडेल असंही पुढं त्याच अभ्यासातून निघालं. तरी पुढच्या काळात काठावर वाळूच्या पोत्यांचा बांध घालून पाहिला गेला. नदीनं तो नेला. तो अहवाल आज वाचताना मला त्याच्या अचूकपणाचंच दुःख होतं. त्यातला अंदाज जवळजवळ वर्षांच्या हिशेबानं खरा ठरला. हातात तीस वर्षांची सूचना असताना ती तीस वर्षं गेली कुठं, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

गावानं आपलं काम वेळेवर केलं. १९९४ मध्ये तिथल्या पारंपरिक कौन्सिलनं सहा पर्यायी जागा तपासायला घेतल्या. जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊन मिसळावं का, बेथेलसारख्या शहरवजा गावात जावं का, हेही पाहिलं गेलं. लोकांना ते नको होतं. दुसऱ्याच्या गावात आश्रित म्हणून राहायचं, शिकारीची ठिकाणं सोडायची, भाषा पातळ होऊ द्यायची, याला त्यांची तयारी नव्हती. त्यांनी निवडली ती नेल्सन बेटावरची, चौदा-पंधरा किलोमीटरवरची मर्टारविक ही जागा. झऱ्यावरून पाणी आणायची जागा, असा त्या नावाचा अर्थ. उंचावर, ज्वालामुखीच्या खडकाचा आधार असलेली, पुराच्या पाण्यापासून वर. शिकार-मासेमारीची रोजची ठिकाणंही तिथून हाताशी राहत होती.

त्याच सुमारास, १९९६ मध्ये, निंग्लिकनं गावाला खेटून वाहणाऱ्या छोट्या न्यूटॉक नदीचा काठ फोडला आणि ती गिळली. छोटी नदी वाहायची थांबली, तिची साचलेली खाडी झाली. हे तपशील लहान वाटतात, पण गावाचा श्वास त्या छोट्या नदीवर होता. तिच्या प्रवाहातून मैला वाहून जाई, होड्या तिच्यात सुरक्षित बांधल्या जात, बार्ज तिच्यातून आत येई. आता घाण गावापाशीच तुंबू लागली. त्याच वर्षी कचऱ्याची जागाही नदीनं नेली. लहान मुलांना फुप्फुसांचे आजार वारंवार होऊ लागले. डिझेल आणि माल आणणाऱ्या बार्जना काठ गाठणं दर वर्षी कठीण होत गेलं. जिच्यामुळं गाव इथं वसलं, ती बार्जच आता इथं यायला कचरू लागली.

जागा ठरली, पण ती गावाची नव्हती. ती अभयारण्याची होती. न्यूटॉकच्या कंपनीची जमीन आणि सरकारची बेटावरची जमीन यांची अदलाबदल करायची तर वन्यजीव खात्याशी वाटाघाटी आणि वर संसदेचा कायदा लागणार होता. बोलणी वर्षानुवर्षं चालली. नोव्हेंबर २००३ मध्ये कायदा झाला. गावानं आपली सुमारे १२ हजार एकर जमीन दिली आणि बेटावरची सुमारे ११ हजार एकर घेतली. ज्या किनाऱ्यावर आजोबा-पणजोबा दर उन्हाळ्यात विनापरवाना तंबू ठोकत होते, तिथं घर बांधायचा हक्क मिळवायला वॉशिंग्टनमध्ये कायदा करावा लागला.

२००३ मध्येच संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा एक अहवाल आला. अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या २१३ गावांपैकी १८४ गावांना पूर किंवा धूप यांनी ग्रासलं आहे आणि किव्हलिना, कोयुकुक, शिश्मारेफ व न्यूटॉक या चार गावांना तातडीचा धोका आहे, असं त्यात म्हटलं होतं. सहा वर्षांनी त्याच कार्यालयानं पुन्हा मोजणी केली तेव्हा चाराची एकतीस गावं झाली होती. अहवालात आणखी एक गोष्ट स्पष्ट होती. सरकारी योजना मंजूर होताना खर्चापेक्षा फायदा जास्त असल्याचं दाखवावं लागतं. साडेतीनशे माणसांचं, रस्ता नसलेलं, जिथं प्रत्येक खिळा बाहेरून आणावा लागतो असं गाव या तराजूत कधीच बसत नव्हतं. २००६ मध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी न्यूटॉक हलवायचा खर्च ८ ते १३ कोटी डॉलर धरला.

दरम्यान २००५ च्या शरदातल्या वादळानं गावाला चारी बाजूंनी पाण्यानं वेढलं. काही दिवस न्यूटॉक बेट झालं. पाणी ओसरलं तेव्हा मैला, डिझेल आणि गाळ फळ्यांच्या वाटांवर पसरलेला होता. त्याच वर्षी बार्ज लागायचा धक्काही गेला.

आपल्या भाषेत पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त असे शब्द आहेत. प्रत्येकामागं कधी ना कधी झालेला शासननिर्णय आहे, मोर्चा आहे, यादी आहे. ज्याच्या पायाखालची जमीन दर वर्षी थोडी थोडी जाते त्याला आपणही वेगळा शब्द दिलेला नाही. अमेरिकेच्या आपत्तीविषयक कायद्यातही तीच उणीव होती. चक्रीवादळ आपत्ती, भूकंप आपत्ती, आग आपत्ती. सावकाश होणारी धूप त्या व्याख्येत बसेना. घर एका रात्रीत कोसळलं असतं तर भरपाईची वाट होती. ते वीस वर्षांत कोसळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ती नव्हती. आणि भरपाई मिळाली तरी ती जिथं नुकसान झालं तिथंच पुन्हा बांधायला. दुसरीकडं गाव हलवायला नव्हे. अख्खं गाव उचलून दुसरीकडं नेण्याची जबाबदारी असलेलं एकही खातं अमेरिकेच्या सरकारात नव्हतं.

मग नियमांची साखळी सुरू झाली. शाळा बांधायची तर ठरावीक संख्येनं मुलं त्या जागी राहत असली पाहिजेत. पोस्टासाठी ठरावीक कुटुंबं हवीत. धावपट्टीसाठी वस्ती हवी. आणि शाळा, पोस्ट, विमान, वीज यांतलं काहीच नाही तिथं कुटुंबं राहायला जाणार कशी? उलट बाजूनं, न्यूटॉक हलणार असं ठरल्यामुळं जुन्या गावातल्या दुरुस्त्यांवर पैसा घालायलाही कुणी तयार होईना. कुजणाऱ्या फळ्या तशाच राहिल्या, डिझेलच्या टाक्या कलत गेल्या. गाव दोन्हीकडून सुटलं.

किव्हलिना या आणखी उत्तरेच्या इन्युपियाक गावाची कथा थेट याच वळणाची आहे. चुकची समुद्रातल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर ते लोक शिकारीच्या दिवसांपुरते येत. १९०५ मध्ये सरकारनं तिथं शाळा बांधली आणि हंगामी तळाचं गाव झालं. एका शतकानंतर पट्टा झिजत चालला तेव्हा किव्हलिनानं २००८ मध्ये एक्झॉनमोबिलसह दोन डझन तेल, कोळसा आणि वीज कंपन्यांवर दावा लावला. हवा तापवणाऱ्यांनी गाव हलवायचा खर्च द्यावा, अशी मागणी होती. न्यायालयांनी तो ऐकण्याजोगाच मानला नाही, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दार उघडलं नाही. शिश्मारेफच्या लोकांनी २००२ मध्ये मतदान करून गाव हलवायचं ठरवलं, २०१६ मध्ये पुन्हा मतदान करून पुन्हा ठरवलं. तरी गाव जागीच राहिलं. या दोन गावांशेजारी ठेवलं की न्यूटॉकला जे साधलं त्याची किंमत कळते.

२००६ मध्ये न्यूटॉक, राज्य आणि केंद्र यांच्या मिळून सुमारे पंचवीस संस्थांचा एक गट जमला. कुणाकडं अधिकार नव्हता, स्वतंत्र निधी नव्हता. एका टेबलाशी बसून ज्याच्या त्याच्या खात्यातून काय काढता येईल ते जुळवत राहायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं. मर्टारविकला सुरुवातीची काही घरं गावकऱ्यांनीच उभारली. २००९ मध्ये तिथं बार्ज लागायला धक्का झाला. या वेळी आधी गावानं जागा निवडली होती आणि धक्का मग बांधला गेला. सैन्याच्या तुकड्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून उन्हाळ्यात येऊन रस्ता, छावणी तयार करू लागल्या. २०११ च्या सुमाराला आपत्काळात सगळं गाव मावेल अशा एका इमारतीचं काम निघालं. कागदावर तो निवारा होता. गावाच्या मनात तो नव्या वस्तीचा पहिला खांब होता.

इथं एक अडथळा आतून आला. जुनं कौन्सिल आणि नव्यानं निवडून आलेलं कौन्सिल यांच्यात गावाचा कारभार कुणाचा, यावरून वाद पेटला. २०१३ मध्ये ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्सनं नव्या कौन्सिलच्या बाजूनं कौल दिला, पण अपिलं, हिशेब आणि अविश्वास यांत काही वर्षं गेली आणि मर्टारविकचं काम अर्धवट राहिलं. बाहेरच्यांनी याचं खापर गावावर फोडणं सोपं होतं. पण इतकी वर्षं ज्यांच्या दारात नदी उभी आहे आणि ज्यांना इतकी खाती, इतके अर्ज, इतकी अनुदानं सांभाळायची आहेत, त्या साडेतीनशे माणसांत फूट पडली याचं नवल वाटायला नको.

२०१६ च्या अखेरीस न्यूटॉकनं राष्ट्राध्यक्ष ओबामांकडं धूप आणि वितळणारी जमीन यांना आपत्ती जाहीर करण्याची विनंती केली. जानेवारी २०१७ मध्ये ती नाकारली गेली. मार्च २०१८ मध्ये मात्र संसदेनं अंदाजपत्रकात दीड कोटी डॉलर दिले, आणि दुर्गम अलास्कासाठी काम करणाऱ्या डेनाली कमिशनकडून ते मर्टारविकला पोचले. लागणाऱ्या रकमेपुढं ते थोडे होते. पण घरं उभी राहायला पुरले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सुमारे वीस कुटुंबं, १३० च्या वर माणसं, नदी ओलांडून नव्या घरांत गेली. गवताच्या सपाटीवर आयुष्य काढलेल्या माणसांना पहिल्यांदाच पायाखाली न डगमगणारी जमीन लागली. घरं कोरडी होती, भिंतींवर बुरशी नव्हती, मुलं शांत झोपत होती. आणि अर्धं गाव पलीकडं होतं. पुढची पाच वर्षं एकाच गावाचे दोन तुकडे नांदले. आजी इकडं, नातवंडं तिकडं. दोन्हीकडं शिकवायचं, दोन्हीकडं वीज सांभाळायची. चौदा-पंधरा किलोमीटर म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटेल. पण नदी गोठायच्या आणि फुटायच्या दिवसांत ना होडी चालते ना बर्फावरची गाडी. तेव्हा समोर दिसणारं बेटही परदेशाइतकं दूर होतं. एकमेकांच्या घरी रोज शिकार वाटून घेणाऱ्या समाजाला या पाच वर्षांनी फार दमवलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये मेरबोक वादळाचे अवशेष पश्चिम अलास्कावर आदळले आणि जुन्या गावाचा आणखी एक लचका गेला. नोव्हेंबरात केंद्राच्या इंटिरियर खात्यानं, म्हणजे तिथल्या जमीन आणि आदिवासी कारभाराच्या खात्यानं, न्यूटॉकसह देशातल्या तीन समाजांना गाव हलवण्यासाठी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर जाहीर केले. १९८३ च्या अहवालाला तेव्हा एकोणचाळीस वर्षं झाली होती. २०२४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी न्यूटॉकची शाळा पाडली. नदीत पडून तिचे तुकडे मासेमारीच्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून ती माणसांनी आधीच उतरवली. शरदात उरलेली सत्तरेक माणसं पलीकडं गेली. काहींना घरं पूर्ण होईपर्यंत तात्पुरत्या घरांत राहावं लागलं.

मर्टारविकला सगळं नीट झालं असं लिहायला मला फार आवडलं असतं. घाईनं आणि तुटपुंज्या पैशांत बांधलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांत काही वर्षांतच ओल शिरली, लाकूड कुजू लागलं, पाये सरकले. पत्रकारांनी २०२५ मध्ये हे तपशीलवार मांडलं. पुष्कळ घरांत अजून नळ नव्हता. पाणी भरून आणायचं आणि मैल्याची बादली बाहेर न्यायची, हे नदीच्या या बाजूलाही सुटलं नाही. तरी मर्टारविकचे लोक न्यूटॉकचेच आहेत. एक गाव एकत्र उठलं आणि एकत्र बसलं. युपिक बोलणारी म्हातारी आणि तिची नातवंडं एकाच वस्तीत राहिली.

हे साधण्याचा अर्थ काय, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं. हालाँग वादळाचे अवशेष त्याच किनाऱ्यावर आले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या दोन युपिक गावांत पाणी इतकं चढलं की घरं पायावरून सुटून आतल्या माणसांसकट तरंगत गेली. जीव गेले. हिवाळ्यासाठी साठवलेलं सीलचं तेल, मूसचं मांस, मासे, बोरं, सगळं खाऱ्या पाण्यात गेलं. हेलिकॉप्टरं आणि लष्करी विमानांनी शेकडो लोकांना आठशेच्या आसपास किलोमीटरवरच्या अँकरेज शहरात नेलं. न्यूटॉकला तीस वर्षं लागलेलं स्थलांतर या गावांना काही दिवसांत करावं लागलं, आणि तेही निवडलेल्या जागी नाही. आधी शहरातल्या मोठ्या सभागृहांत खाटा, मग हॉटेलच्या खोल्या, मग भाड्याची घरं. परत जायचं की उंचावर नवी जागा शोधायची, याची बोलणी त्याच खोल्यांतून सुरू झाली. अँकरेजच्या एका प्राथमिक शाळेत युपिक भाषेतून शिकवणारे वर्ग आहेत. किनाऱ्यावरून आलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांची नावं त्या शाळेत घातली गेली.